ओघळ

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये टेम्पोतून उतरवली तेव्हा
ती पद्मिनी आहे हे चेहऱ्यावरून कळत होतं,
रंगावरून नाही.
सोळा वर्षं कारेलीबागेत एका आंब्याखाली उभी.
चीक, कावळ्यांची शिट, पानांचे ठसे,
आणि टपावर मांजराने झोपून झोपून केलेली
एक गोल, जरा बरी जागा.

नातू म्हणाला, जानेवारीत लग्न आहे,
त्याआधी फोटो काढायचेत गाडीसोबत.
जुनी दिसली पाहिजे काका,
पण एकदम नवी.
मी म्हटलं, समजलं.
सगळ्यांना तेच हवं असतं. मलासुद्धा.

आधी आतलं.
मॅट उचललं तर खाली नदी.
म्हणजे तिचा गाळ, बोटभर, वाळून तडकलेला.
विश्वामित्री कधीतरी दाराच्या फटीतून आली
आणि मागच्या सीटवर बसून गेली.
खुरप्याने काढला. बादलीत निघाले
शेंगांची फोलं, बांगडीचा तुकडा, पंचवीस पैसे.
मगर तेवढी नव्हती.
रेक्झिनच्या शिवणी दात घासायच्या ब्रशने,
टाका टाका करत.
छताच्या कापडाला हात लावला नाही,
ते श्वासानेसुद्धा सुटलं असतं.
स्टिअरिंगवर डावीकडे एक जागा गुळगुळीत, काळीभोर:
तिथे माझ्याआधी कोणीतरी
रोज पॉलिश करत होतं, नुसत्या तळहाताने.
सोडून दिली.

मग रंग.
दोनदा धुतली. मातीची वडी फिरवून चीक उचलला.
बॉनेटवर वीतभर चौकोन टेपने आखला,
कंपाउंडचे चार ठिपके, मशीन हळू.
लोकरीचं पॅड हिरवं झालं.
घाबरायचं नसतं.
जुन्या रंगावर लॅकरचं पांघरूण नसतं,
तो स्वतःच झिजतो, स्वतःच चमकतो.
मेलेला असतो तो वरचा केसभर.
टेप काढली तर बाटलीच्या काचेसारखा हिरवा चौकोन,
त्यात शेडची ट्यूबलाइट
आणि ट्यूबलाइटखाली टक्कल पडलेला एक माणूस.

तीन दिवस असेच चौकोन.

चौथ्या दिवशी डिकी.
झाकणाच्या कडेखाली, जिथे नजर जात नाही,
अंगठ्याला काहीतरी लागलं.
तांदळाएवढा ओघळ,
खाली थेंब होऊन थांबलेला.
बॅटरी धरली. वाकलो.
मग बादली पालथी घालून बसलोच.

हा माझा आहे.
पंधरा वर्षांचा होतो. पाणीगेटजवळ मुर्तझाभाईंचं गॅरेज.
पहिल्यांदा गन हातात,
आणि मनगट एक क्षण जास्त रेंगाळलं.
मुर्तझाभाई म्हणजे
हेडलाइटच्या रिंगमागे, जिथे देवही डोकावत नाही,
तिथेही पुन्हा पेपर मारायला लावणारे.
‘चालशे’ म्हणणाऱ्या पोराला
त्या दिवशी चहा नाही.
ते आले, वाकले, चष्मा कपाळावर सरकवला,
बराच वेळ बघत राहिले. आधी ओघळाकडे,
मग माझ्याकडे.
सकाळीच दहावीचा निकाल लागला होता
आणि मी तरीही कामावर आलो होतो,
किंवा म्हणूनच.
‘चालशे,’ ते म्हणाले.
चहा सांगितला. दोन.

तीस वर्षं झाली, मला कळलेलं नाही
ते कशाबद्दल बोलत होते.

दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजत होता.
पाच मिनिटांचं काम. बोटांना गुंडाळलाही.
मग परत पाण्यात सोडला,
मऊ फडकं घेतलं, आणि करंगळीने,
अख्ख्या गाडीत सगळ्यात शेवटी,
तो थेंब चमकवला.

नातू आला. मोबाइल धरून दोन फेऱ्या मारल्या.
डिकीपाशी थांबला,
तिच्यात बघून केस सारखे केले.
‘काका, एकही डाग नाही.’
मी बिल लिहीत होतो.
आंब्याखाली लावू नका,
एवढंच सांगितलं.