हातभर वायर

टीव्ही भिंतीला इतका चिकटून बसवलाय
की मागे जेमतेम माझा पंजा जातो, तोही आडवा.
बसवणारा पोरगा म्हणाला होता, ताई, असाच छान दिसतो,
आणि तीनशे रुपये घेऊन गेला.

आज आईला मुंज बघायचीय.
सुमनमावशीच्या नातवाची, कुडाळची,
जिला आम्ही गेलो नाही.
पेन ड्राइव्ह मात्र आलाय, खाज्याच्या पुडीबरोबर.
लॅपटॉपवर नको म्हणते. त्यात माणसं मुंगीएवढी,
कोण कुठली साडी नेसलंय कळत नाही.
आठ वाजता लोबोबाईही आल्या,
स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन.

केबल लॅमिंग्टन रोडची, टोकं सोनेरी.
दुकानदार म्हणाला, दीड मीटर बास होते घरात.
त्याने आमचं घर पाहिलं नव्हतं,
पण कन्नमवार नगरपुरता अंदाज बरोबर होता,
जवळजवळ.

पहिल्या भोकात सेट टॉप बॉक्स.
दुसरं दादाने वाकवलेलं, त्याच्या लग्नाआधी.
तिसरं आहे, असं माहितीपुस्तिका म्हणते.
गाल भिंतीला टेकवून मी चाचपडते.
चुन्याची पूड. पालीचं वाळकं अंडं.
आई टॉर्च धरून नेमका भलतीकडे उजेड पाडते.
पडद्यावर एकच वाक्य, सिग्नल नाही,
इकडून तिकडे तरंगतं,
कडेला लागलं की परत फिरतं.

"काढ हात," बाबा म्हणाले. "तुका जमाचा नाय."

एकतीस वर्षं टेलिफोनमध्ये, केबल जॉइंटर.
माहीमच्या मॅनहोलमध्ये, गुडघाभर पाण्यात,
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी.
मला रंग त्याच क्रमाने आले लहानपणी.
शाळेत बाईंनी तांबडा विचारला तेव्हा मी गप्प.
तांबडा दुसऱ्या फेरीत येतो,
तोवर बाई पुढच्या बाकावर गेलेल्या.
मग एका जानेवारीत सगळ्यांना एकदम
पाकीट देऊन घरी बसवलं.
तेव्हापासून त्या बोटांना काम म्हणजे मटार सोलणं
आणि रिमोटमधले सेल आलटूनपालटून बघणं.

त्यांनी डोळे मिटले.
पंजा आत गेला, मनगट गेलं,
बोटं विचारत विचारत पुढे.
तोंड कालनिर्णयाकडे,
जणू कुणी खोलवरून बोलतंय आणि हे ऐकतायत.
टक्.

आणि भिंतीवर, त्रेचाळीस इंच,
दुपारी मी उघडं ठेवलेलं पत्र.
अक्षर वीतभर.
माझं नाव. पगार.
रुजू व्हायची तारीख सतरा जून.
ठिकाण कोची.

लोबोबाई म्हणाल्या, पिक्चर कुठाय?
आई कुकर बारीक करायला आत गेलेली, नशीब.
मी माउस इतक्या जोरात ओढला
की बाण कोपऱ्यात जाऊन दडला
आणि बराच वेळ सापडेना.

बाबांनी हात बाहेर काढला. कोपरापर्यंत चुना.
पत्राकडे पाहिलं की नुसतंच पडद्याकडे,
मला सांगता येणार नाही.
वायर स्टुलापर्यंत पोचत नव्हती.
त्यांनीच तांदळाचा डबा ओढला,
त्यावर दोन जुन्या डिरेक्टऱ्या, त्यावर लॅपटॉप.
तरी वायर ताठच, वाळत घालायच्या दोरीसारखी.

मुंज सुरू झाली. बटू, न्हावी, केसांवर पाणी.
आई म्हणाली, बघ बघ, हीच ती अंजिरी.
आवाज मात्र टीव्हीत जाईना.
भटजी भिंतीवर, मंत्र तांदळाच्या डब्यावर.
तेवढं दुरुस्त करायला मी खाली वाकले.

बाबा ताठ वायरीवरून बोट फिरवत होते.
"आखूड घेतलस," हळूच म्हणाले, पडद्याकडे बघतच.
"जोडताना हातभर वायर जास्ती ठेवूक व्हयी.
लांब जावचा असात तर दोन हात."