टेकू

खोली नंबर चारशे अठरा. कागदावर चौघे.
मी पाचवा. मी कागदावर नाही.

कुमासीत आमच्यासारख्यांना पर्चर म्हणतात,
म्हणजे दुसऱ्याच्या फांदीवर जरा टेकलेला.
फांदी कसली, दोन पलंगांमधली फरशी,
माझ्या खांद्यांहून चार बोटं रुंद.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ठीक,
पण मला कूस बदलायची तर
आधी फीफीची चप्पल उचलून ठेवावी लागते.

पहाटे साडेचारला उठायचं.
चटई गुंडाळून कपाटामागे,
चटईपुढे बादली,
आणि मी जिन्यातल्या दिव्याखाली, मांडीवर थर्मोडायनॅमिक्स.
पोर्टर मिस्टर डोंकोर पाचला फेरी मारतात.
"अभ्यास चाललाय?"
"हो."
"कुठल्या खोलीत असतोस?"
"मित्राकडे आलोय."
अडीच वर्षं मी मित्राकडे आलोय.

आई नांदोमला पिटो गाळते.
ज्वारी भिजव, मोड आण, वाळव, दळ,
दोन दिवस चुलीचा धूर खा,
मग भोपळ्याच्या वाटीत ते तांबूस, आंबूस,
वाटीमागे सुटणारे चार पेसेवे.
एका सत्राची फी म्हणजे किती वाट्या,
हा हिशेब मी एकदा वहीच्या शेवटच्या पानावर केला.
पान फाडून टाकलं.
गणित बरोबर होतं.

गारी स्वस्त. कसाव्याचा भाजका रवा.
पाण्यात टाकला की तिप्पट फुगतो,
खिशाला जमत नाही ते त्याला जमतं.
साखर असेल तर साखर.
शेंगदाणे महिन्याच्या सुरुवातीला.
वीस तारखेनंतर पाण्यावर पाणी प्यायचं,
पोटातली गारी अजून थोडी फुगते.

पुस्तक एक, वाटेकरी नऊ.
सुटी प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून.
सातव्याच्या दिवशी माझ्याकडे पैसे नव्हते.
परीक्षेत सातवं आलं. यायचंच.
सहा आणि आठच्या मध्ये काय असू शकेल
ते अंदाजानं लिहिलं. अठरा मार्क.
त्या प्रकरणाचं नाव मला अजून माहीत नाही.

आणि फीफी. त्याचं काय सांगू.
पलंग त्याचा, कागदावर नाव त्याचं,
वडिलांनी एल्मिनाहून वर्षाचं भाडं एकरकमी भरलेलं,
आणि ह्याचा जीव फुटक्या मोबाइलांत.
अख्ख्या मजल्याचे चार्जर तो जोडून द्यायचा.
तिसऱ्या वर्षाच्या मध्यात, एका मंगळवारी,
दोन शर्ट, ब्रश, स्क्रूड्रायव्हरची डबी घेऊन निघाला,
आदुमच्या बाजारात छत्रीखाली टेबल मांडलं.
डिग्री? ती तू घे, म्हणाला, दोघांत एक पुरे.
जूनपर्यंत भाडं भरलंय. पलंग तुझा.

मी तीन रात्री खालीच झोपलो.
बाकीचे तिघे काही बोलले नाहीत.
चौथ्या रात्री वर गेलो,
झोप खालीच राहिली.

पाचला डोंकोर.
"मित्र गेला म्हणे."
"हो."
"मग आता तू कोणाकडे आलायस?"
मला सुचलं नाही. तेही थांबले नाहीत.
चपला ओढत पुढच्या जिन्याकडे गेले.

काल रात्री दार वाजलं.
फीफी. बोटांना सोल्डरचा वास.
बाजारात जागेचं भाडं वाढलं,
राहायची खोली सुटली, हे नंतर कळलं.
एका हातात तीच डबी,
दुसऱ्यात कागदाच्या पुडीत शेंगदाणे,
वीस तारीख केव्हाच उलटली असताना.
आपल्याच खोलीच्या दारात चपला काढत
त्यानं विचारलं,
"जरा टेकू का?"

मी कपाटामागून चटई ओढली.
कोणासाठी, ते काही ठरेना.
दोघंही फरशीवरच बसलो,
गारी फुगायची वाट बघत.