दोष कोणी शोधला

चार बोल्टची भोकं अजून आहेत फरशीत,
जिथे रॅक होते.
सहा-सहा महिन्यांचे बुश त्यात गंजत पडायचे
आणि मी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून
हिंगण्याच्या एमआयडीसीत
किल्लेदारासारखा हिंडायचो.

मग भिंतीवर तक्ते लागले. जपानी शब्द, मराठी अक्षरं.
लावायला एक दुपार पुरली.

देवाजी बारापात्रे तेव्हा लुनावर माल आणायचा,
पाचपावलीहून, गोणपाटात गुंडाळून.
बापाचे माग विकून त्याने लेथ घेतला होता.
मी त्याचे बुश परत पाठवायचो : एक शतांश कमी.
तो म्हणायचा, "घरून बरोबर निंगाले होते जी."
मी म्हणायचो, सगळेच असं म्हणतात.

एका मे महिन्यात पांढरीपांडे मॅडम स्वतः गेल्या त्याच्याकडे.
टिनाचं छप्पर, पारा शेहेचाळीस,
लेथवरून उतरलेला बुश फडक्यात धरून
तो तिथल्या तिथे मोजत होता.
माप खरं होतं, फक्त गरम होतं.
मॅडम स्टुलावर बसल्या, माठातलं पाणी प्यायल्या,
एवढंच ठरलं :
रात्रभर निवू द्यायचं, पहाटे मोजायचं.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत.
दर सात तारखेला बिल. मंदीतही सातलाच,
आमचे पगार पंधराला झाले त्या महिन्यातसुद्धा.
दीड रुपया स्वस्त देणारा बुटीबोरीचा एक जण
चहा पिऊन परत गेला.
लुनाचा छोटा हत्ती झाला.
एकेक रॅक भंगारात निघाला, मी दर वेळी भांडलो.
शेवटी त्याचा माल गेटमधून थेट लाइनवर जाऊ लागला,
न मोजता.
त्या रात्री मला झोप नव्हती.

परवा पहाटे पावणेसहाला फोन.
"कालच्या डब्यातले चाळीस लावू नका जी.
पोरानं टूल बदललं नाही, मले आत्ता दिसलं.
तुमाले समजलंही नसतं."

लाइन तीन तास थांबली.
कोणी ओरडलं नाही.
कोणीतरी तर्री-पोहे मागवले.

नोंदवहीत एक रकाना आहे : दोष कोणी शोधला.
वीस वर्षं त्यात आमचीच नावं, बहुतेक माझं.
मी पेन झटकलं
आणि त्याचं नाव पूर्ण लिहिलं,
वडिलांच्या नावासकट.