कर्ता

जुनोला रस्त्याने येता येत नाही.
विमानाने या, नाहीतर बोटीने,
आणि अधिवेशन संपेपर्यंत परतीचं नाव काढू नका.
जानेवारीत आम्ही दोघी अशाच उतरलो,
बर्फात चाकं रुतलेल्या बॅगा ओढत.
मी वर्तमानपत्राच्या विधानभवन कक्षात, बिनपगारी.
तेरेसिता सिनेटरच्या प्रसिद्धी विभागात,
ताशी पगार आणि एक निळा कोट, तोही उसना.

तळघरात एक खोली.
खिडकीतून रस्त्यावरचे फक्त बूट दिसत.
पंधरा दिवसांत आम्ही बुटांवरून आमदार ओळखू लागलो.

माझा संपादक हाल्व्होर्सन
लाल पेन कानावरून काढत म्हणाला,
"'करण्यात आली' हे वाक्य नव्हे पोरी, पळवाट आहे.
कोणी केली?
कर्ता शोधून आण. मग घरी जा."

त्याच आठवड्यात तेरेसिताची साहेबीण
तिच्या मसुद्यावर बोट ठेवून,
"'आम्ही बंद करतोय' असं कुणी लिहितं का?
'बंद करण्यात येत आहेत.'
बघ, कुणाला लागलं?"

रात्री स्टोव्हवर भात ठेवून
आम्ही एकमेकींना आपापले धडे म्हणून दाखवायचो.
भात लागायचा.
"करपवण्यात आला," ती गंभीरपणे जाहीर करायची,
आणि वरचा घरमालक काठी आपटेपर्यंत आम्ही हसायचो.

मार्चमध्ये यादी आली.
दहापेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा.
चौदावं नाव माझ्या गावाचं.
मुलं नऊ.
त्यातला एक माझा भाचा, दुसरीतला,
ज्याला सात अजून उलटा येतो.

चार वाजून दहा मिनिटांनी सिनेटरचं निवेदन.
जड अंतःकरण. कठीण काळ. बंद करण्यात येत आहेत.
"मात्र"च्या आधी विनाकारण स्वल्पविराम.
ही सवय मला ठाऊक होती,
फ्रिजवरच्या दुधाच्या चिठ्ठीतही ती असते.

खाली अधिक माहितीसाठीचा नंबर. मी फिरवला.
तिने ऑफिसच्या आवाजात उचलला.
"बंद कोण करतंय?" मी विचारलं.
मागे प्रिंटर चालू होता.
एक पान. दुसरं. तिसरं.
"निवेदनात आहे तेवढंच," ती म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही.
मीच ठेवला.

कर्ता मी समितीच्या मतनोंदणीत शोधला.
पाच विरुद्ध दोन. पाच नावं,
पाचवं तिच्या सिनेटरचं.
हाल्व्होर्सनने एक शब्दही कापला नाही.
पहिल्या पानावर बातमी,
आणि तिच्या माथ्यावर: आमच्या प्रतिनिधीकडून.
प्रशिक्षणार्थींचं नाव छापण्यात येत नाही.

त्या रात्री ती उशिरा आली,
कोट न काढता स्टोव्हपाशी उभी राहिली.
भाताचा वास मला आधी आला.
"मी करपवला," ती म्हणाली.

वर काठी वाजली नाही.
तळाचा काळा थर आम्ही खरवडत बसलो,
घरात चमचा एकच होता.