चिपीचा सडा

तपासणीच्या बाईने पिशवीतला नारळ काढून ठेवला,
आमसुलं मात्र जाऊ दिली.
धाकटा मांडीवर, माझ्या पट्ट्याला त्याचा पट्टा.
शर्वी विचारते, हा ड्रायव्हर हॉर्न कसा देत नाही?

याच सड्यावर मी गवत कापलंय.
तेव्हा जांभा तळपायाला चावायचा,
आज चाकांखाली कळलासुद्धा नाही.

उचललं.
पोटातलं काहीतरी खालीच राहिलं.
धाकट्याने कान धरून टाहो फोडला,
त्याच्या जिभेवर आमसूल ठेवलं.
तोंड वेडंवाकडं,
मग गप्प.

"आई, आपलं घर?"
काचेवर बोट टेकवलं, अंदाजानेच.
माड, माड, खाडीचं वळण, एक लाल कौल.
शर्वी टाटा करत राहिली
ढग येईपर्यंत.

बहुतेक तो म्हापणकरांचा गोठा होता.