चौथा शब्द

कुडतरीच्या इगर्जीमागची शाळा, रविवार, दुपारचे तीन.
पंख्याचा वारा तिसऱ्या बाकापर्यंतच पोचतो.
आम्ही सात जोडपी. सहा पूर्ण त्यांची,
सातवे अर्धे: फ्लोरियान, आणि डिचोलीची मी,
जिच्यासाठी आर्चबिशपांच्या कचेरीतून
वेगळी परवानगी आणावी लागली.

फादर एल्विनो फळ्यावर लिहितात:
स्वेच्छेने.
सर्वस्वाने.
एकनिष्ठेने.
अक्षर एवढे मोठे, की चौथा शब्द
खाली कोपऱ्यात अंग चोरून बसतो: फलद्रूप.

एकेका शब्दावर गावातले एकेक जोडपे बोलणार.
चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात.
चौथी निघाली पिएदादबायला.

फादर जूनमध्येच बदलून आलेले,
पण तेवढ्यात कुणी सांगितले असणार, तिला मूल नाही.
कान लाल झाले त्यांचे. दुसरी घ्या, म्हणाले.
"आसूं दी," ती म्हणाली, आणि चश्मा पुसत उठली.

ती कोंकणीत बोलली.
मला जेवढे उमगले तेवढे माझ्या भाषेत लिहिते आहे.

घरवाला तारवटी. नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी.
मठातल्या सिस्टरने मला दिवस मोजायचा तक्ता दिलेला,
लाल-हिरव्या चौकोनांचा.
इतर बायका तो टाळायला वाचत, मी गाठायला.
नऊ महिन्यांचे चौकोन तर कोरेच!
(पोरी हसल्या. फादर खिडकीबाहेर बघू लागले.)

मडगावच्या डॉक्टरने मुंबईचा पत्ता दिला.
काचेत होईल, म्हणाला, हल्ली होते.
तेव्हाचे विगार म्हणाले, मूल ही देणगी, हक्क नव्हे;
दोघांच्या मिठीतून यावे, तिसऱ्याच्या हातून नको.
मी घरी आले. पत्ता पिठाच्या डब्याखाली ठेवला.
तीन रविवार मिसेला गेले नाही.
चौथ्या रविवारी गेले, मागच्या बाकावर.
पटले म्हणून नव्हे.
घरी घड्याळाचा आवाज फार यायचा.

पत्ता कधी गेला कोण जाणे. उंदरांनी नेला असेल.

मागून कुणीतरी विचारले, मग फळ कुठले?
तो आवाज माझाच होता.
फ्लोरियानने बाकाखाली माझा पाय दाबला.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, रोमुआल्द कायमचा घरी आला
तेव्हा त्याला जमिनीवर झोप येईना.
तीस वर्षे पाण्यावर निजलेला माणूस.
गोळ्या झाल्या, नवस झाले.
शेवटी मी बाल्कांवात झोपाळा टांगला,
त्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधली,
आणि विणत बसले.
अंगठा हलवायचा. तो निजायचा.
बावीस वर्षे झाली.
"आतां पळय," ती म्हणाली, आणि आम्ही वळलो.

शेवटच्या बाकावर रोमुआल्द,
इंजिनरूमने एक कान नेलेला,
पंख्याच्या घरघरीत तोंड उघडे टाकून गाढ झोपलेला.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.
फादर म्हणाले, चहा आहे.

नंतर कागद आले.
होतील ती मुले देवाच्या पाण्याखाली आणण्यासाठी
जमेल ते करीन, हे वचन फ्लोरियानचे.
मला वचन नव्हते, फक्त कळवायचे होते.
कळले, अशी मी सही केली.
मराठीत. माझ्या आडनावाने.
आई विचारील, तेव्हा तिला काय कळवायचे ते ठरत नव्हते.

बाहेर तळ्यात म्हशी बसलेल्या, नाकापर्यंत.
मडगावच्या बसची वाट बघत मी फ्लोरियानला विचारले,
तुला कुठेही झोप लागते ना रे?

का? म्हणाला.

बस आली. जागा नव्हती.
आम्ही उभ्यानेच गेलो.