केसभर

केबलचं बिल परत वाढलं, तेव्हा आर्वोनं
कंपनीच्या पोरीला फोनवर सुनावलं,
"हवेत फुकट आहे ते, बाई."
आणि तळघरातून जुना अँटेना काढून आणला,
दोन काड्या वाकलेल्या,
एका नटात कोळ्याचा संसार.

आता त्याचा गुडघा प्लास्टिकचा,
डॉक्टरांनी शिडी बंद केलीय.
म्हणून एकाहत्तराव्या वर्षी
मी चढले छपरावर,
खिशात पाना, दातांत चिकटपट्टी.

चाळीस वर्षं हे उलटं होतं.
तो वर, खांब फिरवत,
मी खिडकीत, पिठाचे हात:
"मुंग्या! अजून मुंग्याच! हां, थांब… गेलं!"
चित्र लागलं तरी तो तासभर उतरायचा नाही.
कॉफी गार व्हायची, मी तापायचे.
एका काडीला एवढा कसला वेळ?

मुंग्या आता येत नाहीत म्हणे.
एकतर चित्र लख्ख,
नाहीतर बातम्या देणाऱ्याचे
चौकोन चौकोन होतात,
तो तोंड उघडं ठेवून थिजतो
आणि मग काहीच नाही.

टॉवर आग्नेयेला, इशपेमिंगच्या अंगाला, साठेक मैल.
मध्ये लायनेनांच्या मॅपलनं डोकं वर काढलंय.
मी खांब केसभर फिरवते.
खालून आर्वो, एका कानानं बहिरा:
"आलं!"
मी थांबेस्तोवर, "गेलं!"
"काय आलं होतं?"
"हॉकी!"
"आणि गेलं काय?"
"हॉकीच!"

वायर भिंतीला ठोकते.
आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल देते,
पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जावं म्हणून.
हे त्यानंच शिकवलेलं.
मग कंबर धरते म्हणून ताठ होते,
आणि समोर
सुपीरियर.
अख्खं.
स्वयंपाकघरातून दिसणाऱ्या वीतभर निळ्याला
मी आजवर सरोवर म्हणत होते.
एक लांबलचक बोट, लोहखनिजानं दबलेली,
इतकी सावकाश, की चालली आहे की नाही
हे धुराड्याच्या कडेशी ताडून बघावं लागतं.

ताडून बघते.

"लेम्पी! लागलं! अकरा चॅनल! उतर आता!"
कॉफीचा वास वर येतो.

चाळीस वर्षं, आर्वो.
लबाडा.

"मुंग्या आहेत का अजून?" मी ओरडते.
"मुंग्या? कुठल्या मुंग्या?"
"नीट बघ," मी सांगते,
आणि धुराड्याला पाठ टेकून
बसते.